दहा उदाहरणे झाली, आता काय? : प्राथमिक वर्गातील कुशाग्र मुलांसाठी

काही वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गात मी फळ्यावर वजाबाकीची दहा उदाहरणे लिहिली आणि हातावरचा खडू झटकतो न झटकतो तोच एक मुलगी वही घेऊन टेबलापाशी उभी राहिली. दहाही उत्तरे बरोबर होती. मी तिला आणखी दहा उदाहरणे दिली. तीही झाली, तेव्हा पाढे लिहायला बसवले. दुसऱ्या दिवशी तिची वही सर्वांत शेवटी आली. लवकर संपवले की शिक्षाच मिळते, हे तिच्या ध्यानात आले होते. चूक अर्थातच माझी होती. अशा मुलांना जादा काम नको असते, वेगळे काम हवे असते.

मुळात ही मुले ओळखताना केवळ गुणपत्रक पाहू नये. अमेरिकी शिक्षणमानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या विचारानुसार सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे प्रतिभा दिसते. वर्गात ती बहुधा आडवळणाच्या प्रश्नातून किंवा आपण न शिकवलेल्या रीतीतून डोकावते. कधी कंटाळ्यातून आलेल्या खोडीतूनही. अक्षर वाईट असलेले, शुद्धलेखनात चुकणारे मूलही कुशाग्र असू शकते. ऊसतोडीच्या हंगामापुरती आपल्या शाळेत येणारी मुले वाचनात मागे असली, तरी त्यांच्यातल्या एखाद्याचा तोंडी हिशेब थक्क करतो. त्याची नोंद कोण घेतो?

नवा घटक सुरू करण्यापूर्वी त्याच घटकाच्या शेवटच्या स्वाध्यायातील पाच अवघड उदाहरणे सर्वांना द्यावीत. ज्यांना चार किंवा पाच येतील, त्यांना त्या घटकाचा सराव माफ करावा. मात्र जे उदाहरण चुकले, तेवढे समजावून द्यावे. वाचलेला वेळ त्याच विषयाच्या खोलात जाण्यासाठी वापरावा. वजाबाकीचेच पाहा. देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या प्रसिद्ध आहे. तिसरीसाठी तिचा तीन अंकी धाकटा भाऊ पुरेसा होतो. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या, समजा ३५२, घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करावी : ५३२ − २३५ = २९७. मग ९७२ − २७९ = ६९३, पुढे ९६३ − ३६९ = ५९४ आणि शेवटी ९५४ − ४५९ = ४९५. यापुढे ४९५ च येत राहते. सराव तर झालाच, पण खरा प्रश्न पुढे आहे : प्रत्येक उत्तरात मधला अंक ९ च का येतो? हा प्रश्न मुलाकडे आठवडाभर राहू द्यावा आणि उत्तर सांगण्याचा मोह आवरावा. (मला तो आवरत नाही, हेही कबूल करतो.)

पाचवीसाठी कोल्हापुरात अंबाबाईच्या किरणोत्सवासारखा दुसरा विषय शोधून सापडणार नाही. मावळतीची किरणे ९ ते ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला गाभाऱ्याकडे येतात, हे घरोघरी माहीत असते. वर्षातून दोनदाच का, हे सहसा कोणी विचारत नाही. मुलांना दिनदर्शिकेवर दिवस मोजायला सांगावेत. दोन्ही तारखा २२ डिसेंबरच्या आसपासच्या सर्वांत लहान दिवसापासून दोन्ही बाजूंना सुमारे सहा आठवड्यांच्या अंतरावर आहेत, हे त्यांचे त्यांनाच सापडते. जोडीला मैदानात एक काठी रोवून दर सोमवारी मधल्या सुट्टीच्या ठरावीक वेळी सावलीची लांबी वहीत नोंदवावी. सूर्याकडे थेट पाहू न देण्याची काळजी मात्र घ्यावी.

शिष्यवृत्ती परीक्षेला माझा विरोध नाही, पण दुसरीपासूनच मार्गदर्शिका हाती देऊन चार पर्यायांतून उत्तर निवडण्याचा सराव करून घेणे म्हणजे प्रतिभेचे संगोपन नव्हे. त्यात मुलाला स्वतःचा प्रश्न मांडायला जागाच नसते. पालकांनी क्लासच्या एका संध्याकाळऐवजी मुलाला वाचनालयात न्यावे. १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर शहरातच आहे.

हुशार मुलाला कायमचा मॉनिटर किंवा ‘छोटा शिक्षक’ करून ठेवू नये. मित्राला शिकवणे कधीमधी चांगले, रोजचे झाले की तो वेठबिगार होतो. चारचौघांत ‘हुशार’ म्हणण्यापेक्षा ‘ही रीत तुला कशी सुचली?’ असे विचारावे, कारण हुशारीच्या शिक्क्याला जपणारी मुले अवघड कामाला हात लावायला कचरतात. वर्ग ओलांडून पुढे ढकलण्याची घाई करू नये. द्विशिक्षकी शाळेत केवळ गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसवणे सोपे जाते आणि मैत्रीही तुटत नाही.

वर्षाअखेरीस पुढच्या वर्गशिक्षकांना निकालपत्रकाबरोबर पानभर टिपण द्यावे. त्यात मुलाला कोणते घटक आधीपासून येतात हे असावे, आणि त्याचा अर्धवट राहिलेला प्रश्नही असावा. माझ्या एका टिपणात एवढेच होते : ‘तीन अंकांत ४९५, चार अंकांत ६१७४, पाच अंकांत काय होते, हे तो शोधतो आहे.’