लूमच्या कोनांचा माळढोक, शाळेतल्या पोरांकडून करून घ्यायला

टाकाऊतून टिकाऊ म्हटलं की आपल्या शाळांत ठरलेलं असतं, बाटली कापून पेनस्टँड, आणि प्रदर्शन संपलं की ते कचऱ्यात. त्यापेक्षा पाच-सहा पोरांच्या ग्रुपला एकच मोठी गोष्ट द्या. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं, मग माळढोकच करायचा, खरा नर साधारण मीटरभर उंच असतो म्हणजे अगदी त्याच मापाचा करता येतो.

सामान विकत आणू नका. सोलापूरच्या पूर्व भागात बऱ्याच पोरांच्या घरी नाहीतर शेजारी लूम (यंत्रमाग) असतोच, तिथून रिकामे कोन (ज्यावर सूत गुंडाळलेलं येतं ते) आणि टॉवेलच्या चिंध्या मिळतात. शिवाय तेलाचा पाच लिटरचा कॅन, रद्दी, बांबूच्या दोन काठ्या, प्लायचा तुकडा. कॅन कोमट पाण्यात सोडा घालून नीट धुवायचा, तेलकट राहिला तर पुढं सगळं सुटून येतं. फुटकी ट्यूबलाइट, जुने सेल, सुया असलं काही आणायचं नाही हे आधीच बजावा, पोरं काय पण उचलून आणतात.

खरी गोची जोडणीत आहे. फेव्हिकॉल प्लास्टिकला धरतच नाही, वाळला की पापुद्र्यासारखा निघतो, म्हणून आधी बांधायचं आणि चिकटवणं नंतर. प्लायवर काठ्या खालून स्क्रूनं घट्ट करा, त्यात कोन ओवा, झाले पाय. कॅन आडवा धरून खालच्या बाजूला दोन भोकं पाडा (हे काम सरांनी नाहीतर मॅडमनी करायचं, पोरांच्या हातात गरम खिळा नको), काठ्यांची टोकं आत घालून बाइंडिंग वायरनं आवळा. वायरची टोकं आत वळवून वर टेप मारा. आता हलवून बघा, डुगडुगत असेल तर इथंच थांबून दुरुस्त करा, नंतर नुसता रंग फासून काही होत नाही. मान म्हणजे रद्दीची घट्ट गुंडाळी, मधून जाड तार, तिचं टोक कॅनच्या तोंडातून आत.

मग खळ. एक वाटी मैदा चार वाट्या पाण्यात कालवून शिजवा, गार करा, दोन-चार थेंब लवंगाचं तेल टाका म्हणजे लवकर बुरशी धरत नाही. विणकर सुताला खळ देतात, त्यामुळं त्यांच्या घरातल्या पोरांना ती काय असते हे समजवावं लागत नाही. रद्दीचे तुकडे हातानं फाडायचे, कात्रीनं नाही, फाटलेली कड नीट बसते, आणि खळ लावून सगळ्या अंगावर चिकटवायचे. दिवसाला दोनच थर, जास्त लावले तर वरून वाळतं आणि आत ओलं राहून वास मारतं. मार्चच्या उन्हात काम पटकन होतं, जून-जुलैत करायच्या भानगडीत पडू नका.

कागद पूर्ण वाळला की ॲक्रिलिक रंग, मान पांढरट, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा. पाठीला रंगाऐवजी तपकिरी चिंध्या खालून वर कौलांसारख्या चिकटवा, पिसं मस्त दिसतात. पोरं निळा-हिरवा मोर करायला बघतील, फोटो समोर ठेवा.

ठेवायचा तर वर्गात, व्हरांड्यात नको, पावसाची झड लागली की खळ विरघळते. आणि मोडायचा झाला तर तार, कॅन वेगवेगळं काढून भंगारवाल्याला द्या, कोन पुढच्या बॅचला ठेवा.