चिनी अक्षरं शिकताय? मग या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रत्येक चिनी अक्षर हे एक चित्र आहे असं धरून चालणं. सूर्य, डोंगर, झाड अशी सुरुवातीची अक्षरं चित्रासारखी दिसतात, मजा येते, पण थोडं पुढे गेलं की चित्रं संपतात आणि मग लोक स्वतःच गोष्टी रचायला लागतात. 'मा' म्हणजे आई, त्यात डावीकडे बाई आणि उजवीकडे घोडा. आता आई घोड्यासारखी राबते वगैरे काही नाही हं, घोड्यालाही चिनीत 'मा' म्हणतात एवढ्यासाठीच तो तिथे आहे. बाई अर्थ सांगते, घोडा उच्चार सांगतो. हाच घोडा तोंडाच्या खुणेसोबत आला की वाक्याच्या शेवटी येणारा आपल्या 'का?' सारखा 'मा', आणि किड्याच्या खुणेसोबत आला की मुंगीच्या शब्दातला 'मा'. बहुतेक अक्षरं याच पद्धतीने बनलीत, त्यामुळे नवीन अक्षर दिसलं की आधी दोन तुकडे करा, अर्थाचा कुठला आणि उच्चाराचा कुठला ते बघा.

फक्त उच्चाराचा तुकडा तंतोतंत धरू नका. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले, तिथे त्यांचं नाव 'ख तिह्वा' झालं. त्यातल्या 'ख' मध्ये डावीकडे झाड आणि उजवीकडे 'ख' असाच उच्चार असलेला तुकडा आहे. त्याच तुकड्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब दिले की नदी, पण उच्चार 'ह'. आणि तोच तुकडा एकावर एक दोनदा लिहिला की मोठा भाऊ, उच्चार जवळपास 'क'. अक्षरं दोन हजार वर्षांहून जुनी आणि बोलणं मधल्या काळात बदलत गेलं, म्हणून असं होतं. अंदाज बांधायला हा तुकडा फार कामाचा आहे, पण खात्री शब्दकोशातच करा.

तुकडे जागेप्रमाणे रूप बदलतात, इथे बरेच जण गोंधळतात. खरं तर आपल्याला हे सोपं जायला हवं, आपला 'र' अर्कमध्ये डोक्यावर बसतो, चक्रमध्ये पोटात शिरतो आणि राष्ट्रमध्ये खाली लटकतो, तरी आपण अडखळत नाही ना? तसंच चिनीत आग एकटी असली की वेगळी आणि खाली आली की बऱ्याचदा नुसते चार ठिपके. गरम, उकळणं, तळणं, सगळ्यांत ते ठिपके सापडतील.

आता हाताच्या सवयीबद्दल. आपण अक्षर आधी काढतो आणि शिरोरेघ शेवटी, चिनीत उलट, वरची आडवी रेघ साधारण आधी. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, चौकट असेल तर आतलं भरून झाल्यावर खालची रेघ बंद. क्रम चुकला तरी अक्षर तेच दिसतंय ना, असं वाटतं, पण भरभर लिहिलं की ते बिघडतं आणि दुसऱ्याचं घाईतलं हस्ताक्षर तर अजिबात लागत नाही कारण ते याच क्रमाने जोडलेलं असतं. रेघेची लांबीही बघा, दोन आडव्या रेघांपैकी वरची लांब असेल तर 'शेवट', खालची लांब असेल तर 'अजून नाही', बाकी सगळं सेम!

ॲपवर ओळखता येतं पण कागदावर येत नाही, अशी तक्रार असेल तर तुम्ही फक्त बघताय, आठवत नाही आहात. गणिताची चौकटीची वही घ्या, अर्थ वाचा, अक्षर झाका, लिहा, मग तपासा. एकच अक्षर ओळीने पन्नास वेळा गिरवू नका, तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर फक्त हात चालतो, डोकं बंद असतं. आज पाच वेळा, उद्या दोनदा, आठवड्याने एकदा असं करा.

आणि सुटी अक्षरं पाठ करत बसू नका, शब्द घ्या. 'मा' म्हणजे घोडा, 'शांग' म्हणजे वर, पण 'माशांग' म्हणजे ताबडतोब. (आपण नाही का म्हणत, घोड्यावर बसून आलायस का!)

जुनी लिपी की सोपी केलेली, हे सुरुवातीलाच ठरवा. चीन आणि सिंगापूरला सोपी, तैवान आणि हाँगकाँगला जुनी. घोडा सोप्या लिपीत 3 रेघांचा, जुन्यात 10 रेघांचा. एक पक्की झाली की दुसरी वाचायला शिका, दोन्ही एकदम नको.