इंका ट्रेलला निघताय? या चुका टाळा

कळसूबाईची उंची 1646 मीटर. इंका ट्रेलवर, म्हणजे पेरूमधल्या माचू पिचू या प्राचीन इंका नगरीकडे जाणाऱ्या डोंगरवाटेवर, पहिल्या रात्रीचा तंबूच साधारण 3000 मीटरवर पडतो आणि दुसऱ्या दिवशी 4215 मीटरवरची वार्मिवान्युस्का खिंड ओलांडायची असते. तरीही सह्याद्रीत मुरलेल्या माणसाचे पाय इथे सहसा दगा देत नाहीत. चार दिवसांत 43 किलोमीटर, सामान उचलायला पोर्टर, जेवण हातात. गोची होते ती चालायला लागण्याच्या आधी, कधी कधी तर मुंबईतून निघण्याच्याही आधी.

परमिट

‘मंडळी जमली की तारीख ठरवू’ हा हरिश्चंद्रगडाचा हिशोब पेरूमध्ये चालत नाही. या वाटेवर रोज फक्त 500 जणांना सोडतात आणि त्यात गाइड, स्वयंपाकी, पोर्टर सगळे आले. पर्यटकांच्या वाट्याला 200 च्या आसपास जागा उरतात. परवानाधारक एजन्सीशिवाय जाताच येत नाही. आपली मे महिन्याची सुट्टी तिथल्या कोरड्या मोसमात पडते, पण तेव्हाच साऱ्या जगाची झुंबड असते, म्हणून आधीच्या दिवाळीतच बुकिंग उरकावं. फेब्रुवारीत वाट डागडुजीसाठी बंद असते. नाताळच्या सुट्टीत परमिट सहज मिळालं तर हुरळून जाऊ नका, तो तिथला पावसाळा आहे. भर पावसात राजमाची करायला मजा येते, 4000 मीटरवर चिंब भिजायला येत नाही.

परमिट पासपोर्ट क्रमांकावर निघतं. ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, तारीखही बदलत नाही. आपल्याकडे नूतनीकरण केलं की पासपोर्टचा क्रमांकच बदलतो आणि हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. मुदत संपत आली असेल तर आधी नवा पासपोर्ट काढा, मग परमिट. मधेच बदलला तर एजन्सीला लगेच कळवा आणि कोपरा कापलेला जुना पासपोर्टही सोबत न्या. ट्रेक जिथून सुरू होतो त्या किलोमीटर 82 च्या नाक्यावर मूळ पासपोर्ट आणि परमिट ताडून पाहतात. मोबाइलमधला फोटो दाखवून काम होत नाही.

आणखी एक. स्वस्तात मिळालेल्या पॅकेजच्या नावात ‘इंका’ आहे म्हणून ती हीच वाट असेल असं नाही. ‘इंका जंगल’ नावाच्या सहलीत सायकल असते, राफ्टिंग असतं, ही वाट नसते. ‘किलोमीटर 82 पासून चालत, सूर्यद्वारातून (माचू पिचूच्या वरची जुनी दगडी वेस) माचू पिचूत उतरणार ना?’ एवढं लेखी विचारा. परमिट संपलंच असेल तर किलोमीटर 104 पासूनची दोन दिवसांची छोटी वाट पाहा, किंवा परमिट न लागणारा साल्कांताय ट्रेक. मात्र साल्कांतायची खिंड 4600 मीटरच्या वर आहे, तेव्हा ‘सोपा पर्याय’ म्हणून तिकडे वळू नका.

कुस्कोत उतरल्या उतरल्या

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आणि ट्रेकला जिथून निघतात ते कुस्को शहर 3400 मीटरवर, मधे विमानाचा सव्वा तास. रजा वाचवायची म्हणून लोक आज उतरतात, संध्याकाळी शहर पालथं घालतात आणि परवा ट्रेकला निघतात. मग डोकं ठणकतं, जेवण नकोसं होतं, झोप लागत नाही, आणि हा विरळ हवेचा त्रास असूनही दोष जातो लिमातल्या जेवणाला. विमानतळावरून सरळ खाली, ओयांतायताम्बोच्या बाजूला पवित्र खोऱ्यात उतरा. ते गाव 2800 मीटरच्या आसपास आहे. तिथे दोन रात्री काढा, मग कुस्को फिरा. ट्रेकच्या आधी किमान तीन दिवस उंचीवर काढायला हवेत. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून ठरवा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

वाटेवर डोकेदुखी वाढत गेली, बसल्या जागी धाप लागली, बोलताना गोंधळ उडाला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर गाइडपासून लपवू नका. ‘ग्रुपचा खोळंबा नको’ हा भिडस्तपणा इथे जिवावर बेततो. उपाय एकच, खाली उतरणं.

सामान आणि गुडघे

पोर्टरकडे देण्याच्या डफल बॅगेची मर्यादा बहुतेक एजन्सी 7 किलो ठेवतात, स्लीपिंग बॅग आणि मॅट धरून. पोर्टरने एकूण किती उचलायचं याला कायद्याची मर्यादा आहे आणि नाक्यावर वजनकाटा असतो. तिथे काटा सरकला की चकल्यांचे डबे, जादा जीन्स, पॉवर बँका सगळं उघड्यावर काढून आपल्याच पाठीवर घ्यावं लागतं. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांना बंदी आहे, म्हणून धातूची बाटली न्या. ट्रेकिंग पोलच्या टोकाला रबरी टोपण हवं, नाहीतर दगडी पायऱ्या झिजतात.

या पायऱ्यांचा धसका चढताना घेतला जातो, खरा मार बसतो उतरताना. वार्मिवान्युस्काहून पाकायमायोच्या मुक्कामापर्यंत सुमारे 600 मीटर सलग उतार आहे. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही: एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, तिसरी ओलसर आणि बाहेर कललेली. चालण्याची लय बसतच नाही. तिसऱ्या दिवशी विन्याय वायनाच्या मुक्कामाकडे उतरताना पुन्हा तेच. सरावाला सिंहगड चढून गाडीने खाली येत असाल तर अर्धाच सराव झाला. उतराही, तेही पोल घेऊन.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेज’ कळवून भागत नाही. मांस, मासे, अंडी आणि मांसाच्या पाण्यात केलेलं सूप चालत नाही, असं एकेक लिहून द्या. तंबूतले स्वयंपाकी किन्वा, बटाटे, भाज्यांवर उत्तम निभावतात, फक्त आधी माहिती हवी. टिप देण्यासाठी सोलच्या (पेरूचं चलन) सुट्या नोटा कुस्कोतच काढून ठेवा, वाटेवर एटीएम नाही.

शेवटच्या पहाटे तीन-साडेतीनला उठवतात ते मुख्यत्वे पोर्टरना गाडी गाठायची असते म्हणून. सूर्यद्वाराशी सूर्योदय दिसेलच असं नाही, बरेचदा नुसतं ढगांचं पांढरं दिसतं. तेव्हा अंधारात अरुंद कड्यावरून शर्यत लावू नका.

परतीच्या दोन गोष्टी. भारतात उतरताना पेरूहून आलेल्यांकडे पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागितलं जातं, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस, अधिकृत केंद्रावरच घ्यावी लागते. आणि कोकाच्या पानांचा चहा तिथे हॉटेलच्या टेबलावर उघड ठेवलेला असतो, पण आपल्याकडे कोकाची पानं अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. चहाच्या पुड्या भेट म्हणून बॅगेत टाकू नका.