रिसेप्शनचा सरबत-बार कसा सजवायचा, बजेट कितीही असू दे

आपल्या बडोद्यात रिसेप्शनचा बार म्हणजे सरबतांचा बार. १९६० साली गुजरात वेगळं झालं तेव्हापासून राज्यात दारूबंदीच आहे, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. पण म्हणून कोपऱ्यात एक टेबल टाकून प्लास्टिकचे ग्लास रचून ठेवायचे हे मला अजिबात पटत नाही, मे महिन्याच्या उकाड्यात आलेला पाहुणा आधी तिकडेच वळतो नी फोटोपण तिथेच काढतो. भाचीच्या रिसेप्शनचा बार मी स्वतः मांडला, त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी उंची बघा. मंडपवाल्याचं टेबल अडीच फुटांचं असतं, त्यावर मांडलेलं लांबून दिसत नाही आणि सरबत देणाऱ्या मुलाची वाकून वाकून कंबर मोडते. पायांखाली लाकडी ठोकळे देऊन साडेतीन फुटांपर्यंत घ्या नी हलवून बघा, जरा जरी डुगडुगलं तरी चालणार नाही. झालर पार जमिनीपर्यंत, म्हणजे बर्फाचे टब, कचऱ्याचा डबा सगळं मागे लपतं. वरचं कापड पांढरं नको! आम्ही पांढरं साटीन घातलं होतं, पहिल्या अर्ध्या तासात कोकमचे लाल ओघळ आले, मग घाईघाईत वर केळीची पानं अंथरली आणि ती इतकी सुंदर दिसली की आता मी सगळ्यांना पहिल्यापासून पानंच घाला म्हणते.

पैसे अगदी कमी असतील तर मागे आजीची नऊवारी ताणून बांधा, जरीचा काठ वर येईल अशी, आणि घरातली पितळी घंगाळं, हंडे घासून लख्ख करा. त्यात फुलं ठेवायची, सरबत नाही हं, कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो.

थोडे जास्त असतील तर ते लाइटवर घाला, फुलांवर नाही. तोटीच्या काचेच्या बरण्या भाड्याने आणा नी त्यांच्यामागे पिवळसर एलईडीची माळ सोडा, कोकम, खस, वरियाळी (म्हणजे बडीशेप) असे रंग उजळून निघतात की बघत राहावंसं वाटतं. पियूष दाट, त्यातून उजेड जात नाही, ते कुल्हडमध्येच द्या. एक्स्टेंशन बोर्ड मात्र बर्फापासून लांब, स्टुलावर ठेवा, खाली पाणी साचतंच.

फुलं सकाळी लवकर खंडेराव मार्केटमधून आणा. झेंडू रात्रीपर्यंत टिकतो, मोगरा गरमीत काळा पडतो म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा नी पाहुणे यायच्या तासभर आधी लावा.

आणि हात सैल असेल तर फुलांची अख्खी भिंत वगैरे नको, संखेड्याचं लाखेचं फर्निचर मिळवा, मरून-सोनेरी, बारच्या बाजूला एक हिंडोळा आणि दोन खुर्च्या, म्हातारी माणसं ग्लास घेऊन तिथे टेकतात.

सरबतांची नावं पाटीवर मराठी नी गुजराती दोन्हींत लिहा, हाताने, मोठ्या अक्षरात. आमचे व्याही गुजराती, त्यांच्या बा पाटी वाचून आपणहून पन्हं मागायला आल्या.