ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचं पाठ्यपुस्तक कसं निवडावं आणि त्यावरून अभ्यास कसा करावा

पुस्तक चांगलं की नाही हे पहिल्या प्रकरणावरून ठरवू नका. हायब्रिडायझेशन आणि रेझोनन्स सगळेच बऱ्यापैकी लिहितात. थेट एसएन१ आणि एसएन२ (कार्बनवरच्या एका गटाच्या जागी दुसरा गट बसवणाऱ्या) अभिक्रियांचं प्रकरण उघडा. मेकॅनिझममधला, म्हणजे अभिक्रिया पायरीपायरीने कशी घडते हे दाखवणाऱ्या आकृतीतला, वक्र बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून, म्हणजे लोन पेअर (बंधात न गुंतलेली जोडी) किंवा बंधापासून निघालेला दिसतो का? मधली प्रत्येक पायरी चार्जसकट काढली आहे का? 'टर्शरी हॅलाइडवर एसएन२ होत नाही' एवढं सांगून पुस्तक थांबतं, की कार्बनवरचे तीन गट न्यूक्लिओफाइलची (इलेक्ट्रॉनची जोडी देऊन बंध करणाऱ्या कणाची) मागची वाट कशी अडवतात हे चित्रात दाखवतं? नुसता रिएजंट (अभिक्रियेत वापरलेलं रसायन) बाणावर लिहून प्रॉडक्टकडे पळणारं पुस्तक उजळणीला चालेल, पण त्यावरून विषय शिकता येत नाही.

मांडणीच्या दोन पद्धती आहेत. काही पुस्तकं फंक्शनल ग्रुपप्रमाणे (रेणूतल्या अभिक्रिया करणाऱ्या गटाप्रमाणे) जातात: अल्केन, अल्कीन, अल्कोहोल, मग कार्बोनिल. काही मेकॅनिझमप्रमाणे जातात आणि कार्बोनिलवरचं न्यूक्लिओफिलिक अ‍ॅडिशन फार लवकर आणतात. दुसऱ्या पद्धतीने समज पक्की होते असं आमचं मत आहे. पण वर्गात ग्रुपनुसार शिकवत असतील, तर मुख्य पुस्तकही त्याच मांडणीचं घ्या आणि मेकॅनिझमचं पुस्तक ग्रंथालयातून आणून अडलेल्या जागेपुरतं वाचा. नाहीतर सगळा वेळ सूची चाळण्यातच जातो.

सोल्युशन मॅन्युअल (प्रश्नांच्या उत्तरांचं सोबतचं पुस्तक) नसेल तर पुस्तक अर्धंच समजा. शेवटच्या पानांवर नुसती उत्तरं असून भागत नाही, कारण प्रॉडक्टची रचना पाहून आपण कोणत्या पायरीवर घसरलो ते कळत नाही. पूर्ण स्पष्टीकरण हवं. जुनी आवृत्ती बिनधास्त घ्या. पदवीच्या पातळीवरचं रसायनशास्त्र दर दोन-चार वर्षांनी बदलत नाही. बदलतात ते प्रश्नांचे आणि पानांचे क्रमांक, म्हणून मॅन्युअल त्याच आवृत्तीचं आहे ना, एवढं आधी पडताळून बघा.

पुस्तक हातात आलं की पीकेएचा (पदार्थ प्रोटॉन किती सहज सोडतो याचं माप; आकडा लहान तितकं आम्ल तीव्र) तक्ता शोधा. बहुधा तो परिशिष्टात किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला असतो. त्यातली मोजकी मूल्यं कार्डावर उतरवून पाठ करा: अ‍ॅसिटिक आम्ल ४.८, फिनॉल १०, पाणी १५.७, इथेनॉल १६, अ‍ॅसिटोन सुमारे २०, टर्मिनल अल्काइन २५, अमोनिया ३८, अल्केन सुमारे ५०. ही पाठ असली की अनेक अभिक्रिया घोकाव्या लागत नाहीत. उदाहरणार्थ, टर्मिनल अल्काइनचा प्रोटॉन सोडियम हायड्रॉक्साइडने का निघत नाही? हायड्रॉक्साइडने प्रोटॉन घेतला की पाणी तयार होतं. २५ आणि १५.७ यांत सुमारे ९ चा फरक आहे आणि एकेक अंक दहापटीचा असतो, म्हणजे समतोल जवळजवळ अब्जपट उलट्या बाजूला झुकतो. तिथेच सोडामाइड वापरलं तर अमोनिया तयार होतो, ज्याचा पीकेए ३८ आहे. १३ चा फरक आता आपल्या बाजूने आहे आणि प्रोटॉन जवळजवळ पूर्ण निघतो.

आता वाचन. तासाला जाण्याआधी १५–२० मिनिटांत फक्त मथळे, आकृत्या आणि चौकटीतला मजकूर पाहून घ्या. तासानंतर सविस्तर वाचा, पण पेन्सिल आणि कोरे कागद घेऊनच. एक मेकॅनिझम वाचलं की पुस्तक मिटा, तेच कागदावर काढा, मग ताडून पाहा. हायलायटरने पान रंगवल्यावर सगळं ओळखीचं वाटतं, आणि ते येतंय असा भ्रम होतो. ताडताना नेहमीच्या चुका आधी शोधा: बाण प्रोटॉनपासून सुरू केलेला, पाच बंधांचा कार्बन, रेषाचित्रात न दाखवलेला हायड्रोजन मोजायचा राहिलेला, पायरीच्या दोन्ही बाजूंचा एकूण चार्ज न जुळणारा. आम्लात चाललेल्या अभिक्रियेत मध्येच मोकळा हायड्रॉक्साइड किंवा अल्कॉक्साइड दिसला, तर ते मेकॅनिझम चुकलंच आहे.

अभिक्रियांची लांबलचक यादी करण्यापेक्षा एकच रेणू घेऊन पान तयार करा. मधोमध १-मिथिलसायक्लोहेक्झीन काढा. हायड्रोजन ब्रोमाइडने ब्रोमीन मिथिल गट जोडलेल्या कार्बनवरच बसतो. बोरेन आणि नंतर अल्कलाइन हायड्रोजन पेरॉक्साइडने ट्रान्स-२-मिथिलसायक्लोहेक्झॅनॉल मिळतं. ब्रोमीनने ट्रान्स डायब्रोमाइड, ऑस्मियम टेट्रॉक्साइडने सिस डायॉल. प्रत्येक बाणाशेजारी कोणत्या कार्बनवर, कोणत्या बाजूने आणि का, हे एका ओळीत लिहा. साध्या इथिलीनवर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून असमान अल्कीन निवडायचं.

स्टिरिओकेमिस्ट्रीला (रेणूतल्या अणूंच्या त्रिमितीय मांडणीला) मॉडेल किट लागतंच. आर-२-ब्रोमोब्युटेन बांधा (आर आणि एस ही एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन मांडण्यांची अक्षरं), मागून सायनाइड आणा, ब्रोमीन काढा आणि उरलेले तीन बंध पलटवा. आता चार गटांचा प्राधान्यक्रम लावला की एस मिळतो. पण उलटापालट झाली म्हणजे अक्षर बदलणारच असं नाही, ते नव्या गटाच्या प्राधान्यावर अवलंबून असतं. म्हणून अक्षरावर विसंबू नका, आधी रचना काढा.

प्रश्न सोडवताना १५ मिनिटं मॅन्युअलला हात लावायचा नाही. तरीही अडलं तर फक्त पहिली पायरी पाहून ते मिटा आणि पुढचं स्वतः करा. जो प्रश्न असा पाहून सोडवला त्यावर खूण करा आणि तीन दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. सिंथेसिसच्या (दिलेल्या रेणूपासून हवा तो रेणू बनवण्याच्या) प्रश्नात प्रॉडक्टपासून मागे या: आधी दोन्ही रेणूंतले कार्बन मोजा, नवा कार्बन-कार्बन बंध कुठे झाला ते शोधा, रिएजंटचा विचार त्यानंतर.

प्रकरणाखालचे प्रश्न त्याच प्रकरणातल्या अभिक्रियेवर असल्यामुळे अर्धं उत्तर आधीच कळलेलं असतं. परीक्षेत ते कळत नाही. दर तीन प्रकरणांनंतर प्रत्येकातले चार-चार प्रश्न चिठ्ठ्यांवर उतरवा, मिसळा आणि एकेक उचलून सोडवा. सबस्टिट्यूशन (गटाची अदलाबदल) की एलिमिनेशन (गट निघून दुहेरी बंध तयार होणं) हे ठरवण्यात गोंधळ होत असेल, तर तो इथेच उघडा पडतो. सबस्ट्रेट (ज्यावर अभिक्रिया होते तो रेणू) प्रायमरी की टर्शरी, बेस मोठा की लहान, सॉल्व्हंट कोणता, तापमान किती, या क्रमाने प्रत्येक चिठ्ठी तपासा आणि मगच बाण काढायला घ्या.