विहिरीत औषध उतरवणाऱ्या चुका: या टाळा

बेळगाव-खानापूरकडच्या मोटारी उतरवण्या-चढवण्यात माझी वीस वर्षं गेली. बिघडलेलं पाणी बघायला बोलावतात, तेव्हा बहुतेक ठिकाणी विष मालकाच्याच पाईपातून आत गेलेलं असतं.

सगळ्यांत डोकं फिरवणारी चूक म्हणजे फवारणीचं बॅरल भरताना पाईपचं तोंड आत बुडवून ठेवणं. कडोलीकडं एक पोरगा बटाट्याला फवारत होता. औषध आधीच ओतलेलं, पाईप बॅरलच्या तळाला, आणि हा चहाला. तेवढ्यात थ्री फेज गेली. संध्याकाळी फोन आला, "मिस्त्री, पाण्याला वास मारतोय, जरा येऊन बघा की." जाऊन बघतो तर बॅरल निम्मं रिकामं. उभ्या पाईपातलं पाणी खाली घसरताना औषधही ओढून घेऊन गेलं. मोटारीवरचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं खाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, यानंच काढून टाकलेला, 'पाणी कमी येतंय' म्हणून! त्यात भर म्हणजे, वास जावा म्हणून मोटार चालू करून पाणी विहिरीच्याच बांधाला सोडलेलं. आपल्याकडं वर मुरूम, खाली भेगांचा काळा दगड. ते पाणी परत आतच मुरणार, दुसरं काय?

मी पाईप बॅरलच्या काठाला तारेनं बांधतो, पाण्याच्या वीतभर वर. औषध शेवटी, पाईप बाजूला काढल्यावरच. मोटार बंद केली की पाईपच्या तोंडावर तळवा धरून बघा. आत ओढला तर व्हॉल्व्ह गेला.

वास आलाच तर आधी शेजाऱ्याला सांगा. लाज वाटते म्हणून गप्प बसतात, आणि तिकडं त्याची मोटार दिवसभर चालते. जिकडं उपसा, तिकडं पाणी धावतं, औषधही त्याच्याबरोबर. उपसलेलं पाणी कुठं सोडायचं हे कृषी खात्याला विचारल्याशिवाय बटण दाबू नका.

बंद पडलेला बोअर उघडा ठेवू नका. केसिंग, म्हणजे बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाईप, वरच्या मुरमापुरतंच असतं, खाली सगळ्या भेगांना थेट वाट. त्यात औषधाच्या बाटल्या टाकणारेही पाहिलेत. चिकणमाती आणि सिमेंटनं बुजवा.

मुसळधार पावसाच्या तोंडावर उसाला युरिया फेकू नका. त्याचंच नायट्रेट होऊन पाण्याबरोबर विहिरीत उतरतं.

पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, प्रमाण उलट वाढतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको.

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, कीटकनाशक दाखवत नाही.

नमुन्याची बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, आणि जाताना औषधाचं लेबल घेऊन जा. काय शोधायचं ते त्यांना कळायला नको?