रविवारी चिखलात जायचंय? आधी एवढं बघा

निवांत सायकल राईड म्हटलं की लोक तयारीही निवांतच करतात. शनिवारी रात्री साडेदहाला ग्रुपवर "पंप कुणाकडं हाय?" असा मेसेज पडतो. म्हणून ही यादी अगोदरच. बेत साधा आहे. सायकली गाडीवर टाकून कोल्हापुरातून पन्हाळ्यापर्यंत जायचं, तिथून म्हाळुंग्याच्या बाजूनं मसाई पठाराकडं निघायचं, झाडीतल्या लाल पायवाटा आणि गाडीवाटा धरून जमेल तेवढं फिरायचं आणि दुपारच्या आत माघारी. शर्यत नाही, स्ट्राव्हा ॲपवर कुणाला दाखवायचं नाही. जो सगळ्यात सावकाश चालवतो त्याच्या वेगानं सगळे.

सायकलीच्या आधी पाणी बघा. आदल्या रात्री आणि पहाटे पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघायची. 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका हे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ आहे, पण आपल्या कामाची गोष्ट पुढं आहे. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून नदीचं पाणी पात्राबाहेर पसरलं, की शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडीच्या अंगानं पन्हाळ्याला जाणारा रस्ता पाण्याखाली जातो. सकाळी जाताना कोरडा असलेला रस्ता माघारी येताना तसाच असेल असं नाही. पातळी चढती असेल तर राईड रद्द. मग कुणी "गगनबावड्याकडं जाऊया की" असं सुचवू नये, कारण तिकडं पाऊस इथल्यापेक्षा कितीतरी जास्त आणि पाणी रस्त्यावर यायला वेळ लागत नाही. दाजीपूरचा विषयही काढू नका, अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं.

तारीखही जपून धरायची. शिवाजी महाराज 1660 साली आषाढ पौर्णिमेच्या रात्री पन्हाळ्याहून विशाळगडाकडं निघाले तो मार्ग मसाईवरूनच जातो, आणि जुलैत त्या वाटेनं पावनखिंडीकडं चालत जाणाऱ्यांच्या मोहिमा निघतात. हजारो पायांनी तुडवलेल्या त्या वाटेवर सायकल घालणं म्हणजे चालणाऱ्यांनाही ताप आणि आपल्यालाही. ते आठवडे सोडून द्यायचे.

आता चिखल. कोल्हापूरच्या चिखलाचे दोन प्रकार, आणि बाकी सगळी तयारी यावर ठरते. पन्हाळा-मसाईकडं जांभ्याची लाल, खडबडीत माती आहे. पाणी तिच्यातून निचरतं, चाक घसरतं पण फिरत राहतं. खाली नदीकाठाला, उसाच्या पट्ट्यात काळी माती. ती भिजली की फुगते आणि चाकाला अशी बसते की दहा फेऱ्यांत टायर आणि फोर्क यांच्यात पुरणाचा गोळा दाबून भरल्यागत होतं. चाक फिरायचं थांबतं, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ओढला जातो, आणि जोर लावला तर तो धरणारा हँगर वाकतो. म्हणून ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जाणारा "शॉर्टकट" कितीही जवळचा दिसला तरी काळ्या मातीत सायकल घालायची नाही. तिथून जावंच लागलं तर उतरायचं आणि सायकल खांद्यावर घ्यायची. गोळा बसलाच तर काढायला एक बोटभर जाडीची काठी पुरते, त्यासाठी खास हत्यार नको. लाल मातीतही एक सापळा आहे: जांभ्याच्या उघड्या कातळावर पावसात शेवाळ धरतं. कातळ दिसला की ब्रेक त्याच्या आधी मारून घ्यायचा, हँडल सरळ ठेवायचं, पॅडल थांबवायचं आणि सायकल आपोआप पलीकडं जाऊ द्यायची. कातळावर वळायला गेला तो पडला.

हवा कमी करायची, पण अंदाजपंचे नाही. ट्यूब असलेल्या सव्वादोन इंची टायरला सत्तर किलोच्या माणसासाठी साधारण 28 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) च्या आसपास ठेवा, पुढच्या चाकात एक-दोननं कमी. त्याहून फार खाली गेलात तर दगडावर आपटून रिम ट्यूबला दोन जागी चावते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसवाल्यांनी आणखी थोडं उतरायला हरकत नाही. टायरच्या गोट्या झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर हवेचा खेळ करून उपयोग नाही, टायरच बदला. ब्रेकचे पॅड काढून बघा. लाल मातीची कच पॅडमध्ये बसली की सँडपेपर झाल्यासारखी घासते आणि एरवी महिनोन्‌महिने चालणारे पॅड एका ओल्या दिवसात तळाला जातात. जोडी बारीक झाली असेल तर नवी घाला आणि जुनी पिशवीत टाका. चेनला पातळ तेल चालणार नाही, ते पहिल्या ओढ्यात धुऊन जातं. ओल्यासाठीचं दाट तेल घाला आणि वरचं पुसून टाका, नाहीतर तेच माती धरतं. पुढच्या फोर्कला प्लास्टिकचा छोटा मडगार्ड झिप टायनं बांधा, डोळ्यात शेण जाण्यापेक्षा ते स्वस्त.

शेणाचा विषय निघालाच आहे तर, या वाटा गुरांच्याही आहेत. बाटलीचं तोंड झाकणवालं हवं. खरचटलेलं असेल तर निघण्याआधीच पट्टी मारून वर वॉटरप्रूफ टेप लावा. गुरांच्या मुताचं पाणी जखमेत जाऊन लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो, आणि पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "चिखलात गेलो होतो" हे आवर्जून सांगायचं.

पिशवीत प्रत्येकाची आपापल्या मापाची ट्यूब असलीच पाहिजे. सव्वीस, साडेसत्तावीस आणि एकोणतीस अशी तिन्ही चाकं आपल्या ग्रुपमध्ये आहेत आणि व्हॉल्व्हही दोन जातीचे, त्यामुळे "मागून घेऊ" चालणार नाही. पंप, टायर लिव्हर, ॲलन की, चेन तोडायचं टूल आणि ती परत जोडायची क्विक लिंक मात्र तीन-चार जणांत मिळून एक पुरे. ती कुणाकडं हे शुक्रवारी ठरवू आणि तो माणूस मधोमध राहील. सगळ्यात पुढं वाट माहीत असलेला, सगळ्यात मागं सायकल दुरुस्त करता येणारा. फाटा आला की पुढच्यानं थांबायचं आणि मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. पठारावर धुकं उतरलं की वीस पावलांवरचा माणूस दिसत नाही, म्हणून मागचा लाल दिवा दिवसाही चालू आणि गळ्यात शिट्टी. एक फुंक म्हणजे इथे आहे, तीन म्हणजे मदत पाहिजे. रेंज जाते, तेव्हा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

कपड्यांचं फार लांबवत नाही. जीन्स नको, सुती बनियन नको, लवकर वाळणारा टी-शर्ट आणि पातळ विंडचीटर. जाड रेनकोटात आतून जास्त भिजतो माणूस. हेल्मेट नसेल त्याला घेणार नाही. बूट खिळेवाले असतील तर घरी ठेवा, या राईडमध्ये निम्मं चालणं आहे. पाणी दीड लिटर, कारण पावसात तहान कळत नाही आणि मग उतारावर पायात गोळे येतात.

झाडीत जळू लागेल. ओढून काढू नका, नखानं बारीक टोकाकडून सरकवा. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, ते तिच्या लाळेमुळं, घाबरायचं कारण नाही. दाबून धरायचं एवढंच. जांभ्याच्या दगडाखाली फुरसं असतं, त्यामुळे सायकल टेकवायला दगड उचलायचा नाही, आणि बसताना आधी काठी आपटायची. चावलंच तर आवळून बांधणं, चिरणं असलं काही करायचं नाही. तो पाय हलू न देता 108 ला फोन आणि थेट कोल्हापूरचं सीपीआर सरकारी रुग्णालय. गवा दिसला तर फोटो विसरा. सायकल आपल्या आणि त्याच्यामध्ये धरून गप उभं राहायचं, तो जाईपर्यंत.

पठारावरच्या गवतात चाक घालायचं नाही, यावर मी भांडतो. तो बोडका कातळ दिसतो, पण त्याच्यावरच्या बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं असली फुलं सप्टेंबरपर्यंत तयार होत असतात, आणि ओल्यात उमटलेली एक चाकोरी पुढं पाण्याचा ओघळ होते. आहे त्या गाडीवाटेवरूनच, मधे डबकं असलं तरी डबक्यातून. खालच्या वाड्यांत रोपलावण चालू असेल, तेव्हा बांधावरूनही जायचं नाही. वाटेत बाया-माणसं असतील तर उतरून, रामराम घालून पुढं.

माघारी आल्यावर सायकल प्रेशरच्या फवाऱ्यानं धुऊ नका, पाणी बेअरिंगमध्ये घुसतं आणि आठवड्यात कुरकुर सुरू होते. बादली, जुना ब्रश, नंतर कापडानं पुसून चेनला तेल. गाडीवाल्यांनी सीटवर टाकायला जुने पेपर आणा, बाकीच्यांनी कोरडे कपडे आणि चिखलाचे बूट भरायला खताचं रिकामं पोतं. पन्हाळ्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही सांगून ठेवायचं आहे, त्यामुळे कोण येणार आणि कुणाला किती भाकरी हे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा.